इटलीच्या जुन्या चर्चमधील गायन: व्यवसाय म्हणून विचार करताना

सस्नेह नमस्कार,

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या वसईत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शास्त्रीय गायनात तिने मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत आणि लहानपणापासून ती चर्चच्या गायनवृंदात अल्टो, म्हणजे स्त्रियांच्या खालच्या आवाजाची ओळ, गाते. सोळाव्या शतकातील इटालियन रचनाकार पालेस्त्रीना याच्या रचना ऐकल्यापासून, ते संगीत ज्या चर्चसाठी लिहिले गेले तिथेच जाऊन ते गाण्याचा ध्यास तिने घेतला आहे. यावर उपजीविका होईल का आणि त्यासाठी पदवी अर्धवट सोडून तिला लगेच इटलीला पाठवावे का, असे आपण विचारता.

पदवी सोडू नये, हे मी आधीच स्पष्टपणे सांगतो. इटलीला तिने अवश्य जावे, परंतु दोन वर्षांच्या तयारीनंतर.

उपजीविकेचे वास्तव असे, की इटलीतील बहुतेक चर्चचे गायनवृंद आपल्याकडच्यासारखेच हौशी आणि विनावेतन आहेत. सोळाव्या शतकातील संगीत गाणारे व्यावसायिक संच आहेत, पण ते गायकांना कार्यक्रमापुरते बोलावतात आणि तेवढेच मानधन देतात. पगारी, कायमच्या जागा प्रामुख्याने ऑपेरागृहांच्या वृंदांत असतात आणि तिथे वेगळ्या घडणीचा, भरदार आवाज लागतो. शिवाय चर्च हे सभागृह नव्हे. व्हॅटिकनने १९८७ साली चर्चमधील मैफलींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार बिशपांची लेखी परवानगी घ्यावी, प्रवेश विनामूल्य असावा आणि गायकांनी वेदीच्या परिसरात उभे राहू नये, अशी अपेक्षा आहे. त्यामुळे तिकिटांच्या उत्पन्नावर जगण्याची कल्पना इथे मुळातच बसत नाही. ज्यांचे या क्षेत्रात बरे चालते, ते गायनाबरोबर वृंदसंचालन, अध्यापन किंवा ऑर्गनवादन करतात. आपल्या कन्येने केवळ गायिका होण्याऐवजी वृंदसंचालनही शिकावे, असे मला मनापासून वाटते.

आता तयारीविषयी, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. पालेस्त्रीनाच्या काळी संपूर्ण वृंद एका उंच घडवंचीवर ठेवलेल्या मोठ्या हस्तलिखिताभोवती उभा राही. त्यात प्रत्येक आवाजाची ओळ स्वतंत्र लिहिलेली असे, इतरांचे काय चालले आहे ते पानावर एकत्र दिसत नसे आणि आजच्यासारख्या मात्रांच्या उभ्या रेषाही नसत. म्हणून हे संगीत गाणाऱ्याला आपली ओळ न सोडता उरलेल्या तीन, चार किंवा पाच ओळी कानांनी सांभाळाव्या लागतात. त्यात वास्तूची भर पडते. दगडी भिंती आणि उंच घुमट असलेल्या मोठ्या चर्चमध्ये स्वर थांबवल्यावरही काही सेकंद घुमत राहतो, त्यामुळे लय थोडी संथ ठेवावी लागते, व्यंजने स्वच्छ उच्चारावी लागतात आणि स्वरावरचा कंप आवरावा लागतो. अन्यथा सगळे एकमेकांत मिसळून जाते. व्हेनिसच्या सान मार्को या भव्य चर्चसाठी रचनाकार जोव्हान्नी गाब्रिएलीने वेगवेगळ्या जागी उभ्या असलेल्या गटांनी एकमेकांना उत्तरे द्यावीत अशा रचना केल्या आणि त्यांचा मोठा संग्रह १५९७ मध्ये छापला गेला. दूरच्या गटाचा आवाज कानावर क्षणभर उशिरा येतो, म्हणून अशा ठिकाणी गायकाला कानापेक्षा संचालकाच्या हातावर अधिक विसंबावे लागते. हे घरी बसून शिकता येत नाही. तिथेच उभे राहून शिकावे लागते.

मात्र एका बाबतीत आपली कन्या पुष्कळांच्या पुढे आहे. चांगली जवारी लागलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तोच शुद्ध गांधार असे वृंद आपल्या स्वरमेळात शोधत असतात. पियानोवरचा गांधार त्याहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाइतका, चढा असतो आणि पियानोवर कान तयार झालेल्यांना ती सवय प्रयत्नपूर्वक मोडावी लागते. तिने तानपुरा सोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तिला ज्या गोष्टी कमी पडतील त्या म्हणजे स्टाफ नोटेशन पाहताक्षणी गाणे, लॅटिन आणि इटालियन. चर्चची लॅटिन इटालियन वळणाने उच्चारतात: ‘चेलो’, ‘रेजीना’. हे वळण मराठी जिभेला अवघड नाही. इटालियनची बी-२ पातळी, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरील सहांपैकी चौथी पायरी, गाठण्याचे ध्येय तिने ठेवावे.

आपण विचारले नाही, तरी सांगायला हवे: व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलच्या, म्हणजे पोपच्या, वृंदात मुलगे आणि पुरुष गातात, त्यामुळे ते दार तिच्यासाठी नाही. परंतु यावरून हे संगीत स्त्रियांचे नव्हतेच, असा समज तिने करून घेऊ नये. फेरारा येथील सान व्हितो मठातील जोगिणींचे गायनवादन त्या काळी नावाजलेले होते आणि तेथील राफाएला आलेओत्ती हिच्या मोटेटांचा (अनेक आवाजांसाठी रचलेल्या लॅटिन धर्मगीतांचा) संग्रह १५९३ मध्ये व्हेनिसला छापला गेला. आजच्या मिश्र वृंदांत तर वरच्या ओळी बहुधा स्त्रियाच गातात.

शिक्षणासाठी रोममधील पोंटिफिकल इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिक पाहावे. तिथे ग्रेगोरियन गायन (चर्चचे प्राचीन एकसुरी लॅटिन गायन) आणि वृंदसंचालन शिकवतात. मिलानच्या क्लाउदिओ आब्बादो संगीत विद्यालयात प्राचीन संगीताचा स्वतंत्र विभाग आहे. इटलीबाहेर जायची तयारी असल्यास १९३३ मध्ये स्थापन झालेली बाझेलची स्कोला कांतोरुम मला सर्वांत योग्य वाटते, परंतु स्वित्झर्लंडमधील राहण्याचा खर्च आपण पत्रात लिहिलेल्या रकमेत बसणार नाही. इटलीच्या सरकारी संगीत महाविद्यालयांत पहिली पदवी तीन वर्षांची आणि पुढची दोन वर्षांची असते. शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते आणि प्रांतिक शिष्यवृत्त्यांसाठीही परदेशी विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, पण त्यावर सगळा हिशेब बेतू नये.

पदवीनंतरच्या उन्हाळ्यात तिला आधी एखाद्या छोट्या अभ्यासवर्गाला पाठवावे आणि मगच प्रवेशाचा निर्णय घ्यावा. तोपर्यंत पालेस्त्रीनाचे ‘सिकुत चेर्वुस’ हे चार आवाजांचे मोटेट तिने हाती घ्यावे. त्यात टेनरपाठोपाठ, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजापाठोपाठ, अल्टो प्रवेश करते. चर्चमधले आणखी तिघे जमवून, पियानोच्या आधाराशिवाय ते शेवटपर्यंत स्वर न उतरता गाता आले, की मला त्याचे ध्वनिमुद्रण पाठवावे. कोणत्या संस्थेत अर्ज करायचा ते आपण त्यानंतर ठरवू.