बॅप्टिस्ट (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) पाद्री असून अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या विधिमंडळात गेलेलं कोणी आहे का?

बरेच आहेत, पण मला विचाराल तर जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स. १८४९ साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा चौदाव्या वर्षी खोटं नाव सांगून अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढायला गेला! पुढे घोडदळात असताना गोळी लागली, १८६८ मध्ये लष्कर सुटलं. मग मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावच्या धर्मशिक्षण संस्थेतून १८७४ मध्ये पदवी घेऊन तो पाद्री झाला. आधी बोस्टनला, नंतर सिनसिनाटीला.

१८७९ मध्ये तो ओहायोच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आला, तिथला पहिला कृष्णवर्णीय सदस्य. पण आमदारकी एकच मुदत टिकली. सिनसिनाटीच्या एव्हॉन्डेल उपनगराजवळचं कृष्णवर्णीयांचं कबरस्तान बंद करायचं विधेयक त्यानेच आणलं आणि आपलेच मतदार अंगावर घेतले. आता याला काय म्हणावं!

राजकारण सुटलं ते एका अर्थी बरंच झालं. नंतर त्याने कृष्णवर्णीयांचा दोन खंडी इतिहास लिहिला. १८९० मध्ये काँगोला गेला, तिथली लूट आणि छळ डोळ्यांनी पाहिला आणि तिथल्याच स्टॅन्ली फॉल्सहून बेल्जियमच्या राजा लिओपोल्डला (काँगो तेव्हा त्याच्याच ताब्यात होता) उघडं पत्र धाडलं. तुमच्या माणसांनी स्थानिक सरदारांना फसवून जमिनी लाटल्या, गुलामांचा व्यापार चालवला, असे आरोप त्यात मुद्देसूद मांडलेत. बाकी जग काँगोवर बोलायला लागलं ते बऱ्याच वर्षांनी.

१८९१ मध्ये इंग्लंडात ब्लॅकपूलला तो वारला, जेमतेम ४१ वर्षांचा. थडग्यावर नावाचा दगड बसायला १९७५ उजाडलं.