लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी आरामदायी सायकल कोणती घ्यावी?

तुमच्याकडे सध्या सस्पेन्शनवाली एमटीबी (माउंटन बाईक) आहे, या सीझनला २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, करायचीय, पुढे ६०० पर्यंत जायचंय आणि कंबर, बूड न दुखणारी सायकल हवीय, असं तुम्ही लिहिलंय. मी गेली काही वर्षं पुण्याहून बीआरएम करतोय, त्यावरून सांगतो.

आधी वेळेचं गणित बघा. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. म्हणजे चहापाणी, पंक्चर, कंट्रोलवरचा (वाटेतल्या तपासणी ठिकाणचा) शिक्का असं सगळं धरून ताशी १५ च्या आसपास पडलं तरी तुम्ही वेळेत पोचता. त्यामुळे सायकल एक किलो हलकी आहे का याच्या मागे लागू नका, बाराव्या तासाला त्याच सायकलवर मान वर करून रस्ता बघता येतोय का आणि ब्रेक नीट दाबता येतोय का, हे बघून सायकल घ्यायची.

आणि हे सगळ्यात जास्त ठरतं फ्रेमच्या साईजवर. माझी उंची १७० सेंमी, मला ५२-५३ सेंमीची फ्रेम लागते, पण पहिली रोड बाईक घेतली तेव्हा दुकानात ५६ ची पडून होती, डिस्काउंट चांगला होता आणि दुकानदार म्हणाला सीट खाली घेऊ, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) छोटा लावू, बसेल तुम्हाला. २०० निघाली कशीबशी. ३०० ला साताऱ्याकडून परत येताना खंबाटकी बोगद्याच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो आणि बिस्किटाच्या पुड्याची ती बारीक लाल पट्टी मला चिमटीत धरताच येईना, शेवटी टपरीवाल्या मावशींनीच पुडा फोडून दिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पार बधीर. हँडल लांब असल्यामुळे हात ताणलेले, कोपर सरळ, सगळा भार तळव्याच्या करंगळीकडच्या कडेवर, आणि नेमकी तिथूनच अल्नर नस जाते. पुढे तीन आठवडे शर्टाचं बटण लावताना त्रास व्हायचा. म्हणून कळकळीने सांगतो, रंग आवडला, ऑफर आहे, ताबडतोब मिळतेय, यातल्या कशासाठीही साईजमध्ये तडजोड करू नका.

रोड बाईकमध्ये रेस आणि एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या, आरामशीर) अशा दोन जाती असतात, तुम्हाला दुसरी हवी. ट्रेकची डोमाने, जायंटची डिफाय, स्पेशलाईज्डची रुबे या एन्ड्युरन्सवाल्या, आणि कमी बजेटमध्ये डेकॅथलॉनच्या ट्रायबॅनही त्याच धाटणीच्या. वेबसाईटवर जॉमेट्रीचा तक्ता असतो त्यात स्टॅक आणि रीच हे दोन आकडे बघा. स्टॅक म्हणजे क्रँकच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्याच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे तेच अंतर आडवं. स्टॅक जास्त, रीच कमी असेल तर तुम्ही जरा ताठ बसता, पाठ-मान सुटी राहते. हायब्रीड (रोड बाईक आणि एमटीबीच्या मधली सायकल) वाईट नाही, पण सरळ हँडलवर हात ठेवायला एकच जागा, रोड बाईकच्या खाली वळलेल्या हँडलवर, म्हणजे ड्रॉप बारवर, तीन-चार जागा बदलता येतात आणि १५० किमीनंतर त्याची किंमत कळते.

सस्पेन्शन नको. चढावर उभं राहून पेडल मारलं की जोर त्या स्प्रिंगवाल्या फोर्कमध्येच (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत) जिरतो, शिवाय वजन वाढतं. रस्त्याचे धक्के टायरने खायचे. फ्रेममध्ये किमान ३२ मिमी रुंदीचा टायर बसतो का ते विचारून घ्या. माझं वजन ७२ किलो, मी ३२ च्या टायरमध्ये मागे ६५ आणि पुढे ६० पीएसआय हवा ठेवतो, हायवेच्या रंबलर पट्ट्यांवर पूर्वी दात वाजायचे ते आता होत नाही. पूर्वी आम्ही २३ च्या टायरमध्ये ११० भरायचो, कशासाठी कोण जाणे.

गिअर बघताना पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या आणि मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) असली म्हणजे पसरणी घाटसुद्धा बसून, गुडघ्यांवर जोर न देता चढता येतो. ब्रेक डिस्कच घ्या, जमलं तर हायड्रॉलिक, कारण थकलेल्या बोटांनी लांब उतार उतरायचा असतो.

आता सीट. जाड जेलचं कव्हर अजिबात घेऊ नका, त्यात हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्या, दगडी पायरीवर ठेवा, पातळ पँट घालून त्यावर किंचित पुढे वाकून मिनिटभर बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतात, त्यांच्या मध्यातलं अंतर मोजा, त्यापेक्षा साधारण दोन सेंमी रुंद सीट घ्या. माझं ११ सेंमी आलं आणि मी इतके दिवस १५५ मिमीच्या सीटवर मांड्या घासत होतो. सायकलिंग शॉर्टच्या आत चड्डी घालायची नाही, हेही सांगून ठेवतो कारण हे कोणी तोंडाने सांगत नाही.

सीटची उंची घरीच जमवता येते, टाच पेडलवर, पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ व्हायला हवा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुतेक खाली आहे, मागून दुखला तर वर. पैसे उरले तर बाकी कशापेक्षा चांगल्या फिटरकडे (अंगाच्या मापाने सायकल जुळवून देणाऱ्याकडे) बाईक फिट करून घ्या.

पहिली २०० मात्र आहे त्याच एमटीबीवर करा असं मी म्हणेन. गुळगुळीत टायर टाका, फोर्क लॉक होत असेल तर लॉक करा. त्या दिवशी नेमकं काय दुखलं ते लिहून ठेवा, दुकानात जाताना तो कागद बरोबर न्या.

कमेंटमध्ये तुमची उंची आणि पायाची आतली लांबी टाका. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, जाड पुस्तक पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. बजेटही लिहा, तक्ते बघून दोन-तीन मॉडेल आणि साईज सांगतो.