प्रकाश-कन्सोलची शो फाइल उघडत नाही

प्रश्न : आमची संस्था राज्य नाट्य स्पर्धेत उतरते. तालमीत जतन केलेली शो फाइल (नाटकाची सारी प्रकाशयोजना साठवलेली फाइल) नाट्यगृहातील कन्सोलवर, म्हणजे दिवे नियंत्रित करणाऱ्या यंत्रावर, उघडताना ‘फाइल वाचता येत नाही’ असा संदेश येतो. काय करावे?
— एक प्रकाशयोजनाकार, नांदेड

उत्तर : प्रथम पेन ड्राइव्हवरील मूळ फाइलची प्रत लॅपटॉपवर काढून ठेवा आणि पुढची सारी खटपट त्या प्रतीवरच करा. त्यानंतर दोन्ही कन्सोलच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहा. कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीवर बहुधा उघडत नाही, आणि अशा वेळी निर्दोष फाइललाही आपण उगाच खराब ठरवतो. आवृत्त्या जुळत असतील, तर जतन चालू असताना वीज गेली होती का किंवा पेन ड्राइव्ह घाईने काढला होता का, हे आठवा. अर्धवट लिहिली गेलेली फाइल सहसा दुरुस्त होत नाही, म्हणून तिच्या आधीची जतन केलेली प्रत शोधावी. काही कन्सोलवर फाइलचा निवडक भागच उघडता येतो. तेथे पॅच (कोणता दिवा कन्सोलच्या कोणत्या चॅनलला जोडला आहे याची नोंद) आणि क्यू (प्रसंगानुसार क्रमाने जतन केलेले प्रकाशबदल) आधी घ्यावेत, इफेक्ट्स मागाहून. कन्सोल पूर्ण रिसेट करण्याचा सल्ला कोणीतरी देतोच, परंतु त्याने आतील साठवणही पुसली जाऊ शकते. आपल्याकडे विजेचा भरवसा नसल्याने कन्सोलला यूपीएस जोडावा, आणि क्यूंची यादी कागदावरही असावी.