वाचकांचे प्रश्न : पेट्रोलचा वास येतो, पण गळती सापडत नाही

प्रश्न : माझी मोटरबोट सहा मीटरची, तीस वर्षे जुनी आहे. इनबोर्ड पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर, डेकखाली १५० लिटरची ॲल्युमिनियमची टाकी. टाकी काठोकाठ भरली की दोन-तीन दिवस वास येतो, मग आपोआप जातो. ओल कुठेच दिसत नाही. टाकी बदलायचा सल्ला मिळाला आहे, पण त्यासाठी डेक कापावा लागेल. काय करावे?

उत्तर : डेक आत्ताच कापू नका. वास केव्हा येतो यावरूनच गळतीची जागा अर्धीअधिक कळते. तळाला भोक असते तर पातळी उतरल्यावरही वास राहिला असता. तुमचा वास भरल्यावर येतो आणि थोडे पेट्रोल खर्च झाले की जातो. म्हणजे दोष बहुधा टाकीच्या माथ्यावर किंवा त्याच्याही वर आहे.

हात घालण्यापूर्वी एक गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती बोटीच्या तळाशी बसून राहते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. वास येत असताना कोणतेही बटण दाबू नका. ब्लोअर (इंजिनाच्या जागेतली हवा बाहेर काढणारा पंखा) किंवा तळातले पाणी उपसणारा पंपसुद्धा नाही. झाकणे उघडून वारा खेळू द्या. वास पूर्ण गेल्यावरच बॅटरीची ऋण तार काढा, कारण तार काढतानाही ठिणगी उडू शकते.

आता टाकीच्या माथ्यावरचा गेजचा सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणारा भाग, पाहा. तो बहुधा पाच स्क्रूंनी बसवलेला असतो आणि खाली कॉर्कचे किंवा रबराचे गॅस्केट असते. तीस वर्षांत ते दबून कडक होते. नुसते स्क्रू आवळले की ते चिरते, म्हणून नायट्राइल रबराचे नवे घाला आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. मग डेकवरच्या तोंडापासून टाकीपर्यंतची भरण्याची नळी (आतून साधारण ३८ मिमी) आणि हवा जाण्याची बारीक नळी (१६ मिमी) पूर्ण लांबीभर चाचपा. वाकवल्यावर भेगा दिसल्या, किंवा ती कडक किंवा चिकट लागली, तर बदला. भरण्याच्या नळीच्या प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प हवेत, आणि दोन्हींची पकड धातूच्या नळकांड्यावर बसली पाहिजे. दुसरा क्लॅम्प नुसत्या रबरावर आवळलेला बऱ्याचदा आढळतो. तो असून नसल्यासारखा.

ओल दिसत नाही कारण पेट्रोल उडून जाते. म्हणून प्रत्येक जोडावर पांढरा टिशू गुंडाळून चिकटवा, टाकी भरा आणि अर्ध्या तासात एकेक काढून पाहा. जुन्या गळतीजवळ पिवळट-तपकिरी डागही सापडतो.

यातले काहीच नसेल, तर तुम्ही टाकी जास्त भरता आहात. पेट्रोल दर १० अंशांना सुमारे एक टक्का फुगते. १५० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापले तर दोन लिटरांहून अधिक जागा मागते, आणि ते हवेच्या नळीवाटे बाहेर येते. दहा टक्के जागा रिकामी ठेवायची सवय लावा.

प्रश्न : नळ्या वरून चांगल्या दिसतात. तरी बदलाव्यात का?

उत्तर : स्वच्छ कोरडे फडके नळीवर घट्ट फिरवा आणि लगेच हुंगा. फडक्याला पेट्रोलचा वास आला तर रबरातून वाफ झिरपते आहे, मग नळी कितीही धड दिसो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या नळ्यांना लवकर निकामी करते. नवी घेताना नळीवरचा छाप वाचा. 'ए' म्हणजे आगीत अडीच मिनिटे टिकणारी. 'ए१' मधून दिवसाला दर चौरस मीटरमागे १०० ग्रॅमपर्यंत, तर 'ए१-१५' मधून १५ ग्रॅमपर्यंतच पेट्रोल झिरपण्याची मुभा आहे. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या, सतत भरलेल्या नळीसाठी 'ए१-१५' घ्या. मोटारगाडीची नळी इथे चालत नाही.

प्रश्न : वास फक्त इंजिन चालू असताना आला तर?

उत्तर : मग इंजिन लगेच बंद करा, गळती पंपापासून कार्बोरेटरपर्यंत आहे. यांत्रिक पंपावर कार्बोरेटरकडे जाणारी पारदर्शक नळी असते. तिच्यात पेट्रोल दिसले की पंपाचा पडदा फाटला, पंप बदला. ती कोरडी असेल तर फिल्टरचे रबरी वायसर आणि कार्बोरेटरची फ्लोट-सुई (आत येणारे पेट्रोल थांबवणारी) पाहा. सुईवर कचरा बसला की कार्बोरेटर भरून वाहतो.

प्रश्न : टाकीच गळते का, हे डेक न कापता कसे कळेल?

उत्तर : पेट्रोल पूर्ण काढा, सगळी तोंडे बंद करा आणि एका तोंडाला पारदर्शक नळीचा पाणी भरलेला 'यू' लावा. हातपंपाने हलके फुंकून दोन भुजांत एक मीटर फरक आणा, म्हणजे सुमारे ०.१ बार. कॉम्प्रेसर मुळीच नको, टाकीच्या बाजू फुगून वेल्डिंग सुटते. सावलीत अर्धा तास थांबा, कारण एखाद्या अंशाच्या फरकानेही पाणी तीन-चार सेंटिमीटर हलते. पातळी सतत उतरत राहिली तर आधी सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा. एकाही जोडावर बुडबुडे आले नाहीत तरच टाकी दोषी. बहुधा टाकीच्या तळाला चिकटलेल्या फोमने ओल धरून ॲल्युमिनियम खाल्लेले असते, आणि तेव्हा ठिगळ न लावता टाकीच बदला.