चाचणीचा आकडा पडद्यावर जाण्याआधी

दादर, मुंबई

प्रिय मित्रा,

बातम्यांच्या डेस्कवर निवडणुकीच्या जनमत चाचणीचा आकडा आला की आधी ‘कोण पुढे’ हे बघू नकोस. किती जणांना, कधी, फोनवर की घरी जाऊन विचारलं आणि चाचणीचे पैसे कोणी दिले, ते विचार. उत्तर मिळेपर्यंत बातमी थांबव. वरचे कुरकुर करतील, करू देत.

समज, सॅम्पल, म्हणजे ज्यांना विचारलं ते लोक, हजाराचं आहे. ‘अ’ला 42 टक्के, ‘ब’ला 40. हजाराच्या सॅम्पलला अधिक-उणे 3 टक्के चूक धरतात, पण ती एकेका पक्षाच्या आकड्याची. दोघांतल्या फरकाला ती साडेपाचच्या घरात जाते. म्हणजे ही 2 टक्क्यांची आघाडी धरण्यासारखीच नाही. तरी ग्राफिक्सवाले उभा अक्ष 38 पासून सुरू करतात आणि ‘अ’चा खांब ‘ब’च्या दुप्पट दिसतो. अक्ष शून्यापासून घ्यायला लाव, ‘निर्णायक आघाडी’ हे शीर्षक द्यायला कोणी धजणार नाही.

कुंपणावरच्यांचं काय केलं, तेही विचार. हजारातले 200 ‘अजून ठरलं नाही’ म्हणाले आणि त्यांना वगळलं, तर उरलेल्या 800 मधल्या 336 जणांचेही 42 टक्के होतात.

‘मुंबईचा कौल’ असेल तर फोड करूनच बघ. राज्यात विधानसभेचे 288 मतदारसंघ, प्रत्येकी 10 जण धरले तर सॅम्पल 2,880. आकडा भारदस्त! पण मुंबईच्या 36 जागांचे त्यात 360 लोक, चूक 5 टक्क्यांवर. आणि वरळीत कोण येणार, हे 10 जणांवरून सांगायचं? शिवाय टॉवरचा वॉचमन सर्वेवाल्याला गेटवरूनच परत पाठवतो, चाळीत दार उघडं असतं. ही चूक त्या अधिक-उण्यात धरलेलीच नसते आणि सॅम्पल वाढवूनही जात नाही.

जागांचे आकडे तर आणखी निसरडे. 2024 च्या लोकसभेला राज्यात महाविकास आघाडी आणि महायुतीच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता; जागा मात्र 30 आणि 17. मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल तर 48 मतांनी लागला. म्हणून संस्थेने 150 ते 170 जागा दिल्या असतील, तर पडद्याखालच्या पट्टीवर तेच जाऊ दे, मधले 160 नकोत.

‘महापोल’ म्हणून सगळ्यांची सरासरी काढतात, तिच्यावरही विसंबू नकोस. त्याच निवडणुकीत बहुतेक एक्झिट पोल एनडीएला 350 च्या पुढे नेत होते, मिळाल्या 293. सगळे एकाच बाजूला चुकले असले, तर सरासरीही त्याच बाजूला चुकते.

तुझा,
डेस्कवरचा जुना सहकारी