विद्या खंगली, व्यवसाय वाढला

प्रश्न : नाझी राजवटीने ज्यू प्राध्यापकांना हाकलल्यावर जर्मनीतील मानसशास्त्र संपुष्टात आले का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुर्दैवाने, नाही. १९३३च्या नागरी सेवा कायद्याने हॅम्बुर्गचे विल्यम स्टर्न आणि फ्रँकफुर्टचे मॅक्स वर्थायमर यांच्यासारख्यांची पदे गेली. मानसशास्त्रज्ञ ऑटो झेल्त्स यांचा तर पुढे आउश्वित्झच्या छळछावणीला नेऊन बळी घेतला गेला. बर्लिनचे मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी या हकालपट्टीचा वृत्तपत्रात जाहीर निषेध नोंदवला. इतक्या मोठ्या विद्यापीठविश्वात असा आवाज जवळजवळ एकटाच उठला, याची खंत आजही वाटते.

व्यवसाय वाढला तो सैन्यामुळे. अधिकारीपदाच्या उमेदवारांची पारख करायला लष्कराला मानसशास्त्रज्ञ हवे होते, आणि तेथे केवळ उत्तरेच नव्हे, तर उमेदवार ताकद लावून स्प्रिंग ताणत असताना त्याच्या चेहऱ्यावर उमटणारे भावही तपासले जात. प्रशिक्षित माणसांची ही गरज पुढे करूनच १९४१मध्ये मानसशास्त्राच्या स्वतंत्र पदविका परीक्षेला सरकारी मान्यता मिळवण्यात आली. गंमत नव्हे, पण पुढच्याच वर्षी हवाई दल आणि भूदलाने आपले मानसशास्त्र विभाग बंद केले. ती परीक्षा मात्र युद्धानंतरही पश्चिम जर्मनीत, काही फेरफारांसह, चालू राहिली.