फोर्टातला फोर्ट गेला कुठं?

प्रश्न : रोज मुंबईच्या फोर्टात कामाला येतो, पण किल्ला काही दिसला नाही. चर्चगेटला गेट नाही, बझारगेटलाही नाही. तटाचं काही उरलंय का, की नुसती नावंच?

उत्तर : उरलंय, पण दगड शोधत फिरलात तर हाती फार काही लागणार नाही. १८६०च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तट पाडला, कारण हल्ल्याची भीती संपली होती, आत गर्दी मावत नव्हती आणि कापसाच्या तेजीत पैसा खेळत होता. तीन दरवाजे होते, अपोलो, चर्च आणि बझार. यातलं चर्चगेट स्टेशनपाशी नव्हतंच! ते होतं आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी, नाव पडलं आतल्या सेंट थॉमस चर्चवरून, आणि स्टेशन तिथून पश्चिमेला आठ-दहा मिनिटं चालत.

मग शोधायचं कसं, तर आधी मोकळी जागा बघा. तटावरून तोफा डागता याव्यात म्हणून बाहेरचं मैदान रिकामं ठेवायचे, त्याला एस्प्लनेड म्हणायचे. १८०३च्या मोठ्या आगीनंतर ते आणखी साफ केलं. आझाद, क्रॉस, ओव्हल, कूपरेज ही सगळी त्याच मैदानाची तुकडे पडून उरलेली जागा, म्हणजे तुम्ही ओव्हलवर क्रिकेट बघत उभे असता तेव्हा तटाच्या बाहेर उभे असता. मला तर यातच जास्त मजा वाटते, भिंत गेली पण तिच्यासाठी राखलेली जागा दीडशे वर्षं टिकली, आणि आपण ती जपायलाच हवी.

मग रस्त्यांची जुनी नावं. महात्मा गांधी रोड म्हणजे आधीचा एस्प्लनेड रोड. काळा घोड्याजवळचा के. दुभाष मार्ग म्हणजे रॅम्पार्ट रो, रॅम्पार्ट म्हणजे तटच, अजून काय पुरावा पाहिजे?

दगडच बघायचा असेल तर सीएसएमटीच्या पूर्वेला सेंट जॉर्ज हॉस्पिटलकडे जा. १७६९मध्ये डोंगरीच्या जुन्या किल्ल्याच्या जागी फोर्ट जॉर्ज बांधला होता, त्याचा थोडा भाग तिथं अजून उभाय. अनेक जण त्याच्या शेजारून लोकल पकडायला धावतात आणि मान वर करून बघतही नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : जुना नकाशा मिळालाय, पण आजच्या रस्त्यांशी जुळतच नाही. काय करू?

उत्तर : रस्त्यांपासून सुरुवात करू नका, ते रुंद झाले, सरकले. जे हललं नाही ते आधी धरा. सेंट थॉमस चर्च १७१८पासून तिथंच आहे, एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल १८३३पासून. नकाशा १८३३च्या आधीचा असेल तर टाउन हॉल त्यात नसणारच, मग एकट्या चर्चवर अवलंबून राहावं लागेल. चर्चवरून नकाशा सरळ करा आणि तिथून पश्चिमेला फाउंटनपर्यंत चालत जा, नकाशातला दरवाजा तिथंच येतो का बघा. आला की तटाची बाकीची रेघ तिथून दोन्हीकडे ओढायची, उत्तरेला बझारगेटकडे आणि दक्षिणेला रॅम्पार्ट रोकडे.